कोकणात राहून उंची कपड्यांचा ब्रँड: चारशे शर्टांची ऑर्डर घ्यावी का?

करवंटीचं बटण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण शनिवारपर्यंत एका दुकानाला उत्तर द्यायचंय आणि घरात एकमत होत नाहीये.

देवगड तालुक्यात आईच्या माहेरच्या घरात तीन वर्षांपूर्वी शिवणकाम सुरू केलं. त्याआधी पुण्यात नोकरी करत होते. माजघरात पाच मशिनं आणि एक ओव्हरलॉक, मागच्या पडवीत रंगाच्या चुली. पाचजणी मशिनवर बसतात, सहावी काज-बटण आणि हाताची शिलाई बघते. सगळ्या गावातल्या. हातमागाचं सुती कापड बाहेरून आणतो, रंगवतो इथे, शिवतो इथे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको.

कापड बाहेरून आणावं लागतं याची मला खंत आहे. एके काळी चौल बंदरातून कापड समुद्रापार जायचं. आज माझ्या तालुक्यात मला एकही चालता माग सापडला नाही. म्हणून लेबलवर आम्ही ‘कोकणी कापड’ असं कधीच छापलं नाही. कुठे विणलं, कुठे रंगवलं आणि कुठे शिवलं, हे तिन्ही वेगवेगळं लिहितो.

रंग मात्र इथला. आमचा मुख्य रंग काथाचा. विड्यात काथाला चुना लागला की तोंड रंगतं ना, कापडावरही जवळपास तेच घडतं. कापड आधी खळ जाईपर्यंत उकळून धुवायचं, मग हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग काथाच्या काढ्यात तासभर मंद आचेवर. बाहेर काढल्यावर फिकट मातकट दिसतं, बघणाऱ्याला वाटतं फसलं. मग चुन्याच्या निवळीत एकदा बुडवून उन्हात टाकलं की डोळ्यांदेखत तांबूस चढत जातो. पहिल्या वर्षी चाळीस मीटर कापड मी पत्र्याच्या पिंपात उकळलं. तळाला गंज होता, मला दिसला नाही. लोखंड लागलं की काथ आणि हिरडा दोन्ही काळवंडतात. सगळं कापड राखाडी, त्यावर डाग. त्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, अजून घरात त्याच वापरतो.

आता हिशेब. एका शर्टाला अडीच मीटर कापड, ६२० रुपयांनी १,५५०. रंगाई ४८०. शिलाई दीड दिवसाची, ६०० रुपये रोजाने ९००. हाताची काजं आणि करवंटीची बटणं २६०. धुणं, इस्त्री, पिशवी १३०. झाले ३,३२०. दर दहा चांगल्या शर्टांमागे एक काही ना काही कारणाने बाद होतो, तो धरून ३,६५०. वीज, प्रवास, फोटो, हिशेबनीस, माझा स्वतःचा छोटा पगार हे सगळं शर्टामागे ८५०. म्हणजे ४,५०० रुपये पडतात. आम्ही ५,८०० लावतो, वर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांच्या वरच्या कपड्याला १८ टक्के झाल्यापासून गिऱ्हाइकाला तो शर्ट ६,८४४ ला पडतो.

मुंबईच्या एका नावाजलेल्या दुकानाला आमचे शर्ट आवडले. त्यांना दिवाळीआधी ४०० नग हवेत. माल जांगड, म्हणजे विकला जाईल तेवढ्याचेच पैसे. दुकानाचा वाटा ४० टक्के. आमच्याकडून महिन्याला ८०-८५ शर्टांच्या वर होत नाहीत. शिवाय पावसात रंगाई बंद असते, मेअखेर रंगवून ठेवलेलं कापड जेमतेम १६० शर्टांचं आहे. हे सांगितल्यावर ते म्हणाले, “उरलेले बाहेरून रंगवून, शिवून घ्या. लेबल तुमचंच राहील. आजकाल सगळे असंच करतात.”

नवऱ्याचं म्हणणं, एवढी संधी परत येणार नाही. आई म्हणते, तुझं तू ठरव, पण त्या सहाजणींना आधी विचार. मला रात्री झोप लागत नाही. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर मोकळेपणाने लिहा.

हिशेबनीस

ताई, भावनेचा भाग बाजूला ठेवून आधी तुमचेच आकडे तुमच्यापुढे मांडतो.

५,८०० वर ४० टक्के दुकानाचे, म्हणजे तुमच्या हातात ३,४८०. तुमचा माल-मजुरीचाच खर्च ३,६५०. प्रत्येक शर्टाला १७० रुपये पदरचे घालून तुम्ही विकणार, आणि वरचे ८५० वेगळेच. दुकानातून नुसता खर्च निघायला ७,५०० किंमत लावावी लागेल. आजच्याइतकंच हातात यायला ९,६६७, त्यावर १८ टक्के धरले की गिऱ्हाइकाला ११,४०० च्या पुढे. तुमची किंमत थेट विक्रीची आहे, दुकानाची नाही. उंची ब्रँड काढणारे बहुतेक जण पहिल्या वर्षी इथेच फसतात. दुकानाचा वाटा किमतीत पहिल्या दिवसापासून धरावा लागतो, नाहीतर दुकानाच्या वाटेला जायचंच नाही असं ठरवावं लागतं.

दुसरं, ४०० शर्ट म्हणजे १४ लाख ६० हजारांचा माल, आणि तो जांगड. दिवाळी झाल्यावर २५० परत आले तर ते ठेवणार कुठे? कोकणातल्या दमट हवेत?

उद्यम नोंदणी केली नसेल तर आधी करा, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने खरेदीदाराला पैसे द्यायला, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या वर मुदत नाही. करार नसेल तर १५ दिवस. मात्र जांगड मालात विक्रीच झालेली नसते, त्यामुळे या कलमाचा तुम्हाला आधार मिळणं कठीण. रोख खरेदी असेल तरच बोला. आणि ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून वर्ग २५ मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, नोंदवून घ्या. व्यक्ती किंवा लघु उद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये फी आहे. दुकानात माल जायच्या आधी हे झालेलं बरं.

रापणीचा दोर

तुमचं काथाचं वर्णन वाचून आजोबा आठवले. आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती मालवणात. तेव्हा जाळी नायलॉनची नव्हती, सुताची होती. खाऱ्या पाण्यात सूत कुजतं, म्हणून ऐनाची साल मोठ्या हंड्यात उकळून त्यात जाळी बुडवायची आणि पुळणीवर पसरून वाळवायची. अख्खा किनारा तांबडा-तपकिरी दिसायचा. मी लहानपणी विचारलं होतं, आजोबा, जाळ्याला रंग कशाला? ते म्हणाले, “रंग नाय रे तो, जाळ्याचा औषध आसा.”

नायलॉन आलं आणि हंडा माळ्यावर गेला. अजून तिथेच आहे, पितळी कड्यांचा, तांब्याचा, दोन माणसांनी उचलावा एवढा. घरात कुणालाही त्याचा उपयोग नाही. मोडीत द्यायचं माझ्या जिवावर येतं. तुम्हाला हवा असेल तर पैसे न घेता देईन. एवढंच म्हणणं, तो वापरात राहू दे.

ऑर्डरबद्दल मला कळत नाही. पण जे कापड तुम्ही रंगवलंच नाही त्यावर तुमचं लेबल लावायला सांगणारा माणूस मला पटत नाही.

दादर पश्चिम

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. ६,८४४ रुपयांचा शर्ट. जी बाई तो शिवते तिचा अकरा दिवसांचा रोज. ती तो कधी विकत घेऊ शकेल का? मग याला नैतिक कसं म्हणायचं? श्रीमंतांना चांगलं वाटावं म्हणून केलेली वस्तू, एवढंच ना?

करवंटीचं बटण

राग कसला, हा प्रश्न मीही स्वतःला विचारते. ती विकत घेऊ शकत नाही, हे खरं आहे. पण हाच शर्ट मी हजार रुपयांत द्यायचा ठरवला तर उरलेले पैसे कुणाच्या खिशातून येतील? कापडवाला दर कमी करत नाही, वीज कंपनी करत नाही. कमी होतो तो फक्त रोज. किमतीतला मोठा वाटा तासांचा आहे, विणणाऱ्याच्या आणि शिवणारीच्या. उंची वस्तू म्हणजे माझ्या लेखी चकचकाट नाही. तिच्यावर किती वेळ खर्च झाला ते लपवावं लागत नाही, ती उंची. आणि शर्ट दहा वर्षं टिकावा म्हणून शिवणीला आत सव्वा इंच कापड सोडतो, म्हणजे माणूस जाड झाला तर उसवून सोडता येतो. गिऱ्हाइकाने कधीही पाठवावा, दुरुस्ती फुकट. आतापर्यंत १४ शर्ट आले, त्यातले ९ सैल करायला.

सहाजणींना वर्षाला एक जोड कपडे आम्ही इथलेच देतो, ज्यांचं त्यांनी मापावर शिवून घ्यायचं. हे उत्तर पुरेसं नाही, ठाऊक आहे.

नगावर शिवलेली

मी कामगार म्हणून लिहिते. लग्नाआधी सात वर्षं मुंबईत एका एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये मशिनवर होते. नाव घेत नाही. नगावर पैसे. कॉलर लावायची, फक्त कॉलर, दिवसाला अडीचशे-तीनशे. सात वर्षांत एक अख्खा शर्ट मी कधी शिवला नाही. पाणी कमी प्यायचे, कारण उठलं की नग कमी. सुपरवायझर ओरडायचा तो दिवाळीच्या नाही, युरोपातल्या नाताळच्या ऑर्डरीसाठी. आम्हाला तो सण कुठला ते पण माहीत नव्हतं.

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला, १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते, तरी कामावर बोलावलं होतं. टीव्हीवर ते बघताना आमच्या लाइनीत कुणी काही बोललं नाही. आमचा जिना पण एकच होता आणि त्यात गाठोडी ठेवलेली असायची.

ताई, तुम्ही रोजावर पैसे देता हे वाचून बरं वाटलं. नगावर दिलं की बाई घाईने शिवते आणि मग तुम्हीच म्हणणार शिलाई वाकडी आहे. आता मुद्द्याचं. ते ‘बाहेरून शिवून घ्या’ म्हणतात ना, ते बाहेर म्हणजे माझ्यासारख्या बायका. दोन महिन्यांत २४० शर्ट म्हटल्यावर तिथे काय होणार ते मी पाहिलंय. तुमच्या घरात रोज आणि दुसरीकडे नग, वर लेबल एकच. असं करू नका.

मंजिष्ठा

वरच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. मी पंधरा वर्षं नैसर्गिक रंगांत काम करतेय, चार तांत्रिक गोष्टी सांगते, कारण या क्षेत्रात चांगल्या मनाने केलेल्या चुका फार आहेत.

रंग नैसर्गिक असला की तो आपोआप निरुपद्रवी होत नाही. काथ गडद आणि पक्का व्हावा म्हणून जुन्या पुस्तकांत मोरचूद नाहीतर डायक्रोमेट घालायला सांगितलेलं असतं. डायक्रोमेट विषारी आहे, त्याला हातही लावू नका. मोरचुदाचं पाणी व्हाळात सोडलंत तर मासे मरतील. तुम्ही तुरटी आणि चुन्यावर भागवता ते उत्तम. काळसर छटा हवीच असेल तर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, अगदी चिमूटभर, जास्त झालं तर सूत कमजोर होतं.

कोकमाच्या नादाला लागू नका. दर वर्षी कुणीतरी मला कोकमाने रंगवलेला गुलाबी दुपट्टा अभिमानाने दाखवतं. दिसतो सुरेख. दोन महिने उन्हात वापरा, उरतं काय ते बघा. ते सरबताचंच फळ आहे.

आता एक बोचरा प्रश्न. तुमचा काथ कुठल्या खैराच्या झाडांचा? खैराची चोरटी तोड आपल्याकडे होते, हे तुम्हालाही माहीत असेल. गिऱ्हाइकाने विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारा.

आणि लेबलवरच्या शब्दांना जपा. ‘पर्यावरणपूरक’, ‘शाश्वत’ असे शब्द आता मोघम वापरता येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, दाव्यामागे पुरावा लागतो. ‘खादी’ हा शब्दही खादी आयोगाच्या प्रमाणपत्राशिवाय वापरू नका, हातकताईचं सूत असलं तरी. हातमागासाठी हँडलूम मार्क आहे, तो तुमच्या विणकरांकडून मिळतो का पाहा. सेंद्रिय कापसाचं जीओटीएस हे प्रमाणपत्र खूप कडक, पण त्यात सरकी काढण्यापासून शिलाईपर्यंत प्रत्येक टप्प्याची तपासणी लागते. सहाजणींच्या घरगुती युनिटला तो खर्च झेपणार नाही. त्यापेक्षा खरं तेवढंच छापा.

करवंटीचं बटण

मंजिष्ठाताई, खैराचा प्रश्न योग्यच आहे. आम्ही चिपळूणच्या बाजूच्या एका कारखान्यातून घेतो. खैराचा गाभा उकळून थंड केला की पानात खायचा काथ खाली बसतो, तो वेगळा विकला जातो. उरलेलं पाणी आटवून गडद चिवट वड्या होतात, व्यापारात त्याला कच म्हणतात. आम्ही तो वापरतो. म्हणजे आमच्यासाठी झाड तुटत नाही, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर वाटलं, ही पळवाट आहे. उरलेला माल विकत घेतला तरी मूळ झाडाचा प्रश्न सुटत नाही. काल फोन करून लाकडाच्या वाहतूक पासाच्या, म्हणजे वनखात्याच्या परवान्याच्या, प्रती मागितल्या. मालक आधी बिचकले, मग म्हणाले पाठवतो. आलेल्या नाहीत अजून.

नगावर शिवलेली, तुमचा प्रतिसाद मी काल दुपारी आमच्या सहाजणींना वाचून दाखवला. त्यातल्या एकीने तीन वर्षं असंच काम केलंय, मला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, “माझी पण कॉलरच होती.”

खाडीपलीकडे

बाहेरचं एक उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण ‘खेड्यात बसून उंची ब्रँड होत नाही’ असं मी नेहमी ऐकतो. इटलीत ब्रुनेलो कुचिनेल्ली यांनी १९७८ मध्ये रंगीत काश्मिरी लोकरीच्या स्वेटरांपासून सुरुवात केली. १९८५ मध्ये सोलोमेओ या टेकडीवरच्या लहानशा गावातला पडका किल्ला घेऊन दुरुस्त केला आणि काम तिथे नेलं. ते त्यांच्या बायकोचं गाव. आज त्यांचा माल जगातल्या सर्वांत महागड्या कपड्यांत गणला जातो, आणि गावाची दुरुस्ती हा त्या किमतीचाच एक भाग आहे. आपल्याकडे जयपूरची अनोखी ही कपड्यांची कंपनी १९७० पासून ठशांच्या छपाईवर उभी आहे. दोघांनीही सुरुवातीला एकच प्रकार धरला.

उलट बाजूही बघा. बर्बेरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडने २०१७-१८ च्या आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केला, स्वस्तात विकून नाव उतरू नये म्हणून. बोभाटा झाल्यावर २०१८ मध्ये ती पद्धत बंद केली. जास्त शिवलं की हा प्रश्न येतोच. तुमच्या घरात चारशे शर्टांचं काय होईल, ते हिशेबनीसांनी विचारलंच आहे.

दादर पश्चिम

माझ्या प्रश्नाला नीट उत्तर दिलंत, आभार. सव्वा इंचाची गोष्ट मला पटली. माझ्या वडिलांचे सगळे शर्ट आमचा शिंपी असेच सोडून शिवायचा. तो गेल्यापासून तसं कुणी करत नाही. एक सुचवतो: शिवणारीचं नाव लेबलवर घाला.

मंजिष्ठा

नाव घालण्याआधी त्यांना विचारा. फोटो आणि नाव छापून बाईला प्रदर्शनात मांडल्यासारखं होतं कधी कधी.

ता. क. रंगवलेलं कापड पावसाळ्यात ठेवताना कपाटात खाली मडक्यात कळीचा चुना ठेवा, दमट हवा ओढून घेतो. फुटून पीठ झाला की बदला. कापडाला लागू देऊ नका, नाहीतर काथावर तांबडे ठिपके येतील.

करवंटीचं बटण

शनिवार झाला. काय झालं ते लिहिते, बरेच जण विचारत होते.

शुक्रवारी दुपारी मशिनं बंद ठेवून सगळ्या पडवीत बसलो. कागदावर हिशेब मांडला, ४,५०० चा, ३,४८० चा आणि १४ लाख ६० हजारांचा. माझा पगार किती हेही त्यात होतं, ते सांगताना मला धाकधूक होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काज-बटण करणाऱ्या काकी म्हणाल्या, “चारशे शर्टांक माझे हात पुरूचे नाय, आणि दुसऱ्याच्या हाताचा काज माझा म्हणून देव नको.” त्या सगळ्यांत मोठ्या आहेत. त्यानंतर चर्चा फार लांबली नाही.

दुकानाला कळवलं: जांगड नाही, बाहेरची शिलाई नाही. ६० शर्ट, रोख खरेदी, निम्मी रक्कम आगाऊ, आमचा दर नगाला ५,८०० अधिक कर. विकायची किंमत तुम्ही ठरवा, पण ती आमच्या वेबसाइटवरच्या किमतीशी जुळणार नाही, हे आधीच सांगते. दुपारी त्यांचं उत्तर आलं. ६० नको, २५ घेतो, तेही एकाच रंगात. आगाऊ रक्कम मान्य. मी हो म्हटलं.

नवरा अजून नाराज आहे. त्याचंही चूक नाही. मेमध्ये घेतलेल्या कापडाचं बिल अजून द्यायचंय आणि २५ शर्टांतून ते भागणार नाही. ऑक्टोबरपासून वेबसाइटवरची किंमत ६,३०० अधिक कर करावी लागेल असं दिसतंय. हिशेबनीस, तुमच्याशी त्यावर वेगळं बोलायचंय, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

नावाबद्दल विचारलं. सहाजणींपैकी चौघी हो म्हणाल्या. एकीला नाव नको, नुसतं गावाचं चालेल. आणि जिची कॉलर होती तिने सांगितलं, नाव घाला, पण फोटो नको आणि आडनाव माहेरचं घाला. तसंच करणार आहोत.

वाहतूक पासाच्या प्रती अजून आलेल्या नाहीत. दिवाळीनंतर नवीन कच घ्यायच्या आधी मिळाल्या नाहीत तर ऐनाच्या सालीवर प्रयोग करायचा विचार आहे. पडलेल्या फांद्यांची साल आमच्याच रानात मिळेल.

म्हणून रापणीचा दोर, तुमचा हंडा मला खरोखर हवाय. भाऊबीजेनंतर मालवणला येते, टेम्पो घेऊन. तेवढं माळ्यावर चढून बघाल का, आतून कल्हई शाबूत आहे की तांबं उघडं पडलंय? तसं असेल तर रंग बदलेल, आधी कल्हईवाला शोधावा लागेल.

रापणीचा दोर

आत्ताच चढलो होतो. अर्धी शाबूत आहे, तळाला गेलीय. कुडाळात एक कल्हईवाला अजून काम करतो, त्याला विचारून कळवतो.